हातघाईची विद्या आणि घरी परतणारा माणूस



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या वस्तादांनी इथल्याच लाल मातीत तीन पिढ्या घडवल्या. त्यांच्या नावाने बोलायचे तर अंगमेहनतीच्या विद्येबद्दलच बोलावे असे मला वाटले. लष्करात जवानांना शिकवली जाणारी हातघाईची लढत आणि तुमच्याआमच्या रोजच्या स्वसंरक्षणात तिला असलेली जागा, हा माझा आजचा विषय आहे.

विषय आजचाच आहे. कुठल्याही शहरात गेलात तर कमांडो ट्रेनिंग, क्राव मगा, सैनिकी स्वसंरक्षण असे फलक दिसतात. शाळेच्या स्नेहसंमेलनात मुली कौले फोडतात, खोट्या सुऱ्याने अंगावर येणाऱ्याला तीन सेकंदांत लोळवतात आणि पालक टाळ्या वाजवतात. त्या मुलींचे मला कौतुकच आहे. पण टाळ्या थांबल्यावर मनात प्रश्न येतो की ही मुलगी उद्या संध्याकाळी एसटी स्टँडवर एकटी असेल तेव्हा यातले काय तिच्या कामी येईल? मी कुस्तीत वाढलो, पुढे जुदो शिकलो आणि बरीच वर्षे मुलामुलींना शिकवतो आहे. या प्रश्नाचे माझे उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे बोलणे तपासून घेता येईल. सैनिक ज्या रीतीने तयारी करतो ती रीत आपण जरूर घ्यावी. सैनिकाचे उद्दिष्ट मात्र घेऊ नये.

सैनिकाचे उद्दिष्ट काय असते ते आपल्याच मातीतल्या माणसाकडे पाहून समजते. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनची एक तुकडी पुढे सरकत होती. अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि तुकडीच्या नायकाखेरीज सगळे ठार तरी झाले किंवा जखमी तरी. तो नायक म्हणजे रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे यशवंत घाडगे. वय बावीस. सोबत यायला कोणी उरलेले नाही हे ठाऊक असूनही ते मशीनगनच्या दिशेने धावले. हातबॉम्ब टाकून त्यांनी गन आणि ती चालवणारा दोन्ही निकामी केले, मग एकाला टॉमीगनने टिपले. गोळ्या संपल्या. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता. तेव्हा त्यांनी गन नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना दस्त्याने ठार केले. जिंकलेल्या त्याच मोर्चात शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या लागून ते पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

यात डाव, पेच, पवित्रा असे काहीही नाही. जवळ जे होते त्याची लाठी झाली. हातघाईची लष्करी व्याख्या एवढीच आहे: हत्यार संपले, अडकले किंवा हातातून गेले तरी शत्रूच्या अंगावर जायचे थांबायचे नाही. लष्कर जवानाला गुद्दे आणि पकडी शिकवते त्यामागचे मोठे कारण मनाचे आहे. माणसाच्या अंगाला भिडण्याची उपजत भीड मोडावी लागते आणि ती व्याख्यानाने मोडत नाही, सरावानेच मोडते. बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आहे आणि कमांडो प्रशिक्षणाची शाळाही आहे. तिथून तयार होऊन आलेली पोरे तुमच्या गावात असतील. त्यांना विचारा. डाव किती शिकलो यापेक्षा दम संपल्यावरही कसे उभे ठेवले जायचे, हेच ते आधी सांगतील.

ड्रोन आणि क्षेपणास्त्रांच्या काळात हे सगळे कालबाह्य झाले असे कोणी म्हणत असेल तर त्याने गलवान आठवावे. १५ जून २०२० च्या रात्री लडाखमध्ये चौदा हजार फुटांच्या आसपास भारताचे आणि चीनचे सैनिक दगड, दांडके, खिळे ठोकलेले सोटे घेऊन भिडले. प्रत्यक्ष नियंत्रण रेषेपासून दोन किलोमीटरच्या आत गोळीबार करायचा नाही असा दोन्ही देशांचा १९९६ चा करार होता. त्या रात्री कर्नल संतोष बाबू यांच्यासह आपले वीस जवान हुतात्मा झाले. अरुंद कडा, खाली गोठवणारे पाणी आणि अंधार हेही त्या रात्री मारेकरीच होते. म्हणजे विद्या जिवंत आहे, गरजेची आहे. ती कोणाच्या गरजेची, एवढाच प्रश्न आहे.

घाडगे पुढे गेले, कारण पुढे जाणे हेच त्यांचे कर्तव्य होते. मशीनगन बंद पडली नसती तर मागून येणारे मेले असते. रात्री दुकान बंद करून घरी निघालेल्या माणसाला पुढे जाऊन कोणता मोर्चा घ्यायचा असतो? त्याच्यामागे तुकडी नाही, जखमी झाला तर उचलायला स्ट्रेचर नाही, आणि समोरच्याला संपवण्याचा हुकूम त्याला कोणी दिलेला नाही. त्याचे काम एकच, सुखरूप घरी पोचणे. ही दोन कामे उलट्या दिशांची आहेत. एकासाठी घडवलेली विद्या दुसऱ्याला जशीच्या तशी दिली की गोंधळ होतो.

हा फरक सर्वांत आधी कोणी नीट ओळखला असेल तर तो ज्याने आधुनिक लष्करी हातघाईची घडी बसवली त्यानेच. विल्यम युअर्ट फेअरबर्न. जन्म १८८५ चा. तो ब्रिटिश मरीन दलातून १९०७ मध्ये शांघायच्या म्युनिसिपल पोलिसात गेला. तेव्हाचे शांघाय म्हणजे अफू, अपहरण, टोळ्या आणि बंदराची गुंडगिरी. याच पोलीस दलात पंजाबातून गेलेल्या शीख शिपायांची मोठी शाखा होती, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसते. सुरुवातीच्याच काळात गस्तीवर असताना फेअरबर्नला टोळक्याने बेदम मारले, तो रुग्णालयात गेला आणि तिथून उठला तो जुजुत्सू शिकायलाच गेला, असे सांगतात. पुढे त्याने तोक्योच्या कोदोकान या जुदोशाळेचा काळा पट्टा मिळवला, चिनी पद्धतीही शिकल्या आणि शिपायांना उपयोगी पडेल तेवढेच वेचून स्वतःची पद्धत बांधली. तिला त्याने डिफेंडू नाव दिले, १९२६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले.

त्याच्या वेचण्यामागचा विचार मला फार मोलाचा वाटतो. शिपायाकडे शिकायला वर्षे नसतात. घाबरलेल्या माणसाचे हात थरथरतात, बोटांची नाजूक कामे त्याला जमत नाहीत, शिकलेल्या चाळीस डावांपैकी त्या क्षणी दोनच आठवतात. तेव्हा शिकवायचे तर थोडे शिकवा, मोठ्या हालचालींचे शिकवा आणि झोपेत उठवले तरी होईल इतके घोटून घ्या. दुसऱ्या महायुद्धात १९४० मध्ये स्कॉटलंडच्या डोंगराळ किनाऱ्यावर लॉखेलॉर्ट येथे तो आणि त्याचा शांघायचा जोडीदार एरिक सायक्स कमांडोंना शिकवू लागले तेव्हा त्यांनी हेच सूत्र धरले. हनुवटीखाली तळहाताचा घाव, तळहाताच्या कडेचा घाव, गुडघा, बूट. मूठ जवळजवळ नाहीच. कमांडोंचा तो प्रसिद्ध दुधारी खंजीरही या दोघांच्याच नावाचा आहे. त्या दोघांनी कमांडोंना काय शिकवले ते इथे मुलांसमोर तपशिलात सांगण्याचे कारण नाही. ते जीव घेण्याचे शिक्षण होते आणि त्या काळात त्याची गरज होती.

आता लक्ष द्या. १९४२ मध्ये फेअरबर्नची दोन पुस्तके निघाली. एक सैनिकांसाठी, ऑल-इन फायटिंग. दुसरे स्त्रियांसाठी, हँड्स ऑफ. शिकवणारा तोच, वर्ष तेच, आणि मजकूर अगदी वेगळा. दुसऱ्या पुस्तकात मनगट धरले तर काय, केस मागून धरले तर काय, गळा दाबला तर काय, छत्रीचा उपयोग कसा करायचा, नाटक पाहताना शेजारचा हात सरकवू लागला तर काय, हे आहे. खंजीर नाही, पहारेकऱ्याला मागून गाठणे नाही. जगातल्या सर्वांत कठोर लढवय्यांना तयार करणाऱ्या माणसाला कळत होते की घरी जाणाऱ्या बाईची गरज सुटण्याची आहे. आज आपण मुलींच्या शिबिराला कमांडो हे नाव देतो तेव्हा कमांडोंना घडवणाऱ्या माणसानेच केलेला हा भेद विसरतो.

दुसरे उदाहरण क्राव मगा ही विद्या घडवणाऱ्या इमी लिख्टेनफेल्डचे. जन्म बुडापेस्टचा, वाढला ब्रातिस्लाव्हात. वडील पोलिसात आणि व्यायामात मुरलेले, हा स्वतः मुष्टियोद्धा, कुस्तीगीर. १९३० च्या दशकात ज्यूंच्या वस्तीवर फॅसिस्ट टोळ्या चालून येऊ लागल्या तेव्हा त्याने आपल्या साथीदारांसह रस्त्यावर त्यांना तोंड दिले. तिथे त्याला समजले की आखाड्यातली कुस्ती आणि रस्त्यावरची मारामारी यांत पंच, वेळ आणि नियम नसण्याचा फरक असतो. १९४० मध्ये तो देश सोडून निघाला, वाटेत जहाज फुटले, १९४२ ला पॅलेस्टाइनला पोचला. इस्रायल झाल्यावर तिथल्या लष्करात त्याने क्राव मगा शिकवली. १९६४ मध्ये लष्करातून बाहेर पडल्यावर त्याने पहिले काम कोणते केले, तर तीच विद्या सामान्य नागरिकांसाठी नव्याने बांधली. लष्करातली जशीच्या तशी बाहेर आणली नाही. मुंबई-पुण्यात क्राव मगा शिकायला जाणाऱ्यांनी आपल्या शिक्षकाला हे जरूर विचारावे, की आम्हाला शिकवता ते लष्करातले आहे की १९६४ नंतरचे?

उद्दिष्ट घ्यायचे नाही म्हटले. मग रीत कोणती घ्यायची?

इथे मला जुदोचे जनक जिगोरो कानो यांच्याकडे जावे लागेल. १८८२ मध्ये त्यांनी कोदोकान काढले तेव्हा जुन्या जुजुत्सूतले डोळ्यांत बोटे, सांधे मोडणारे झटके असे धोकादायक डाव त्यांनी खुल्या सरावातून काढले. वरवर पाहता विद्या मवाळ झाली. प्रत्यक्षात उलट झाले. धोकादायक डाव पूर्ण जोराने करताच येत नाहीत, त्यामुळे जुन्या जुजुत्सूचे शिष्य हवेत हातवारे करत राहिले; कानोंची पोरे मात्र रोज संध्याकाळी खऱ्याखुऱ्या विरोध करणाऱ्या माणसाला पाडायला शिकली. आपल्या तालमीत शतकानुशतके हेच चालत आले आहे. वस्ताद डाव सांगतात दोन मिनिटे आणि मग जोड लावतात. समोरचा पडायला तयार नसतो, हीच खरी शाळा. रवींद्रनाथ ठाकुरांनी १९२९ मध्ये शिंझो ताकागाकी या जपानी शिक्षकाला शांतिनिकेतनात बोलावून मुलामुलींना जुदो शिकवायला लावले, त्यामागे ही जाण असावी असे मला वाटते.

अमेरिकेच्या लष्करालाही हे फार उशिरा उमगले. त्यांच्या पुस्तिकांत डाव भरपूर होते, पण तुकड्यांत सराव होत नव्हता. १९९५ च्या सुमारास रेंजर दलात मॅट लार्सन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी नवी सुरुवात केली ती ब्राझिली जुजुत्सूपासून, म्हणजे कानोंचा शिष्य मित्सुयो माएदा ज्या देशात गेला तिथून. कारण एकच होते. हा प्रकार रोज पूर्ण जोर लावून, कोणाला जायबंदी न करता करता येतो, त्यात चुरस लागते, आणि चुरस लागली की जवान सुट्टीच्या वेळीही सराव करतात. तेच लष्कर जवानांना हेही उघड सांगते की रणांगणावरच्या झटापटीत ज्याचा साथीदार हत्यार घेऊन आधी पोचतो तो जिंकतो. झटापट म्हणजे वेळ काढणे. नागरिकाच्या बाबतीत तो साथीदार म्हणजे शेजारी, रिक्षावाला, दुकानदार, ११२ क्रमांकावरून आलेली गाडी.

आता प्रत्यक्षात कसे दिसते ते सांगतो, कारण या विद्येत तपशील सोडला की काही उरत नाही.

मनगट पकडले आहे असे समजा. पकडणाऱ्याची चार बोटे एका बाजूला, अंगठा एका बाजूला. पकडीचे दार अंगठा आणि बोटे जिथे भेटतात तिथे आहे. नव्या मुलीचे मनगट मी जोडीदाराला खरोखर घट्ट धरायला सांगतो आणि तिला सुटायला सांगतो. ती सरळ मागे ओढते. जवळजवळ प्रत्येक जण मागेच ओढतो, कारण भीती मागे नेते. मागे ओढले की चार बोटांशी आणि समोरच्याच्या अख्ख्या वजनाशी झुंज होते. त्याऐवजी अर्धे पाऊल त्याच्याकडे टाकायचे, कोपर वाकवून त्याच्या कोपराच्या दिशेने न्यायचे, मनगटाची अंगठ्याकडची अरुंद कड त्या दारात फिरवायची आणि खांद्यासकट कंबर वळवायची. हात सुटतो. कागदावर एवढेच. पण पहिल्या आठवड्यात जोडीदार भला असेल तरच सुटतो. समोरचा दांडगा असेल तर आधी त्याच्या नडगीवर पायाची टाच बसावी लागते, किंवा तोंडावर ओरडावे लागते, म्हणजे क्षणभर पकड सैल होते. मग तेच जिन्यावर करून पाहायचे, पाठीवर दप्तर असताना, ओढणी मध्ये येत असताना, दुसऱ्या हातात मोबाइल असताना. आणि सुटला हात की तिथे थांबायचे नाही. मी मुलींना सुटल्यावर हॉलच्या दारापर्यंत धावायला लावतो. पळणे हा डावाचाच भाग आहे, त्याचाही सराव लागतो.

मूठ का नको, तेही सांगतो. कवटीवर मूठ मारली तर बहुधा करंगळीमागचे तळहाताचे हाड मोडते. डॉक्टर त्याला बॉक्सर्स फ्रॅक्चरच म्हणतात. मुष्टियोद्धा पट्ट्या बांधतो, ग्लोव्हज घालतो, ते याचसाठी. मोडलेल्या हाताने कुलूप उघडत नाही, फोन लागत नाही. तळहाताचा मनगटाकडचा भाग मजबूत असतो. फेअरबर्नने तो निवडला यात नवल नाही.

आणि आवाज. वर्गात सर्वांत अवघड जाते ती हीच गोष्ट. पंधरा-वीस मुलींना उभे करून "थांब! मागे हो!" म्हणायला सांगा. पहिल्यांदा हसू येते, मग एक बारीक, घशातला आवाज निघतो, शेवटी माफी मागितल्यासारखा उतरणारा. ज्यांना लहानपणापासून हळू बोल म्हणून सांगितले त्यांच्याकडून दुसरे काय निघणार? पोटातून आवाज काढायला आठवडे लागतात. त्याहून अवघड वाक्य दुसरेच आहे. मी त्यांना म्हणायला लावतो, "काका, हात काढा." हे वाक्य निघता निघत नाही. डोळे खाली जातात. परक्या गुंडावर ओरडणे त्यांना जमू लागते, पण ओळखीच्या मोठ्या माणसाला अहो-जाहो करूनही ठाम नकार देणे जमत नाही. आणि हल्ला बहुतेक वेळा तिथूनच होतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षे सांगत आले आहेत की बलात्काराच्या दहातल्या नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. अंधाऱ्या गल्लीत झडप घालणाऱ्या अनोळखी माणसाभोवती उभे केलेले सैनिकी शिक्षण इथे पोचतच नाही. सैनिकाला शत्रू ओळखावा लागत नाही, त्याच्या अंगावर वेगळा गणवेश असतो.

यासंबंधी कॅनडात झालेले एक काम मला फार महत्त्वाचे वाटते. शार्लीन सेन या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन विद्यापीठांतल्या पहिल्या वर्षाच्या ८९३ विद्यार्थिनी घेतल्या. अर्ध्यांना नेहमीसारखी माहितीपत्रके दिली, अर्ध्यांना प्रत्येकी तीन तासांचे चार वर्ग, म्हणजे एकूण बारा तास. २०१५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये निष्कर्ष आले. वर्षभरात बलात्काराचे प्रमाण माहितीपत्रक मिळालेल्या गटात ९.८ टक्के होते, वर्ग केलेल्या गटात ५.२ टक्के. बलात्काराच्या प्रयत्नांचे प्रमाण पहिल्या गटात ९.३ टक्के होते, दुसऱ्यात ३.४ टक्के. बारा तासांत कोणी कमांडो होत नाही. मग हे घडले कसे? त्या चार वर्गांतला हातापायांचा भाग एकाच वर्गात होता. बाकीच्यांत धोका लवकर ओळखणे, ओळखीचा माणूसही धोका असू शकतो हे स्वतःच्या मनाशी कबूल करणे, संकोच बाजूला ठेवून आवाज चढवणे आणि आपल्याला नात्यात काय हवे, काय नको ते आधीच ठरवणे. सैनिकी भाषेत बोलायचे तर टेहळणी आणि वेळेवर निर्णय. ते सैन्याकडून जरूर घ्या.

सुऱ्याबद्दल दोन शब्द बोललेच पाहिजेत, कारण प्रात्यक्षिकांत सर्वांत जास्त टाळ्या तिथे पडतात. प्रात्यक्षिकातला हल्लेखोर एकदा वार करतो आणि हात लांब करून थांबतो. खरा सुरी चालवणारा थांबत नाही, दुसऱ्या हाताने धरतो आणि वार करीत राहतो. एका मुलाच्या हातात रंगाचे मार्कर द्या, दुसऱ्याला पांढरा सदरा घाला आणि हिसकावून घ्यायला सांगा. सदरा पाहा. त्यामुळे मी कोणालाही सुरा हिसकावण्याचे तंत्र भरवशाचे म्हणून शिकवत नाही. पाकीट मागितले तर पाकीट द्या. अंतर ठेवा, मध्ये खुर्ची, सॅक, मोटरसायकल काहीही आणा, आणि निघा. दुसरा मार्गच उरला नाही तर लढा, पूर्ण ताकदीने लढा. सुरा हातात असलेल्या माणसाशी झटापट जिंकण्याचे आश्वासन जो शिक्षक फी घेऊन देतो तो मुलांच्या जिवाशी खेळतो.

कायद्याचेही बोलू. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिची कलमे ३४ ते ४४ खासगी बचावाच्या हक्काची. हक्क फक्त स्वतःपुरता नाही, दुसऱ्याच्या शरीराच्या रक्षणासाठीही आहे. जिवावरचा हल्ला, गंभीर दुखापत, बलात्कार, अपहरण, ॲसिड हल्ला अशा भीतीच्या प्रसंगी बचाव करताना हल्लेखोराचा मृत्यू झाला तरी कायदा पाठीशी राहतो. पण बचावासाठी लागेल त्याहून अधिक इजा करता येत नाही, आणि धोका टळला की हक्क संपतो. लष्करी शिकवण इथे थेट आडवी येते. तिथे शत्रू लढू शकणार नाही याची खात्री होईपर्यंत थांबायचे नसते; इथे पडलेल्यावर दुसरी लाथ घातली की तुम्हीच आरोपी होऊ शकता. जे शिकवण्याच्या ओघात पडलेल्यावर शेवटचा घाव घालायची सवय लावतात ते मुलांना न्यायालयाच्या दारात नेतात. उलट बाजूही सांगितली पाहिजे. दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की हल्ला होत असलेल्या माणसाने प्रतिकार गणिताने मोजूनमापून करावा ही अपेक्षा वास्तवाला धरून नाही. पळून जाण्याची सक्ती कायदा करीत नाही. पळा असे मी सांगतो ते तुमच्या जिवाच्या काळजीने.

आता एक गोष्ट, जी सांगितल्याशिवाय मला व्यासपीठावरून उतरता येणार नाही. १९७२ मध्ये आपल्याच राज्यात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात, एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. उच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना दोषी धरले. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात, त्यांना सोडले. तिच्या अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत, तिने प्रतिकार केला नाही, हा त्यामागचा एक आधार होता. देशभर संताप उसळला, चार कायदा-प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, १९८३ मध्ये कायदा बदलला. आज कायदा निःसंदिग्ध सांगतो की केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असे धरता येणार नाही. भीतीने माणसाचे शरीर गोठते, हात उचलत नाही, आवाज फुटत नाही. प्रशिक्षित सैनिकांचेही असे होते, म्हणून तर त्यांचा एवढा सराव घेतात. तेव्हा आपण मुलींना शिकवतो ते शिक्षण उद्या त्यांच्यावरच ठपका होऊ नये. "एवढे शिकली होतीस, मग मारले का नाहीस?" हा प्रश्न ज्या घरात विचारला जाईल त्या घराने मुलीला वर्गात पाठवून काही मिळवले नाही. गुन्हा करणाऱ्याचा असतो. शिक्षण तिच्या हाती आणखी एक मार्ग देते, एवढेच.

मुलग्यांबद्दल आपण फार कमी बोलतो. रस्त्यावरच्या मारामारीत बहुधा तेच असतात, मारणारे आणि मार खाणारे दोन्ही. सैनिकी प्रात्यक्षिके पाहून त्यांच्या डोक्यात भिडण्याची हौस शिरते आणि क्रिकेटच्या मैदानावरच्या शिवीवरून डोकी फुटतात. पायाखाली डांबर असते, मातीचा हौदा नसतो. धक्का लागून पडलेला माणूस डोके आपटून मरू शकतो. मुलग्यांना मी आधी शिवी ऐकून चालते होण्याचा सराव देतो. त्यांना तो सुऱ्याच्या डावापेक्षा कठीण जातो.

समग्र शिक्षा योजनेतून शाळांत मुलींसाठी राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने आत्मरक्षा प्रशिक्षण चालते, तीन महिन्यांचे. योजना चांगली आहे. पण तीन महिने संपले, प्रमाणपत्रे वाटली, फोटो निघाले की बहुतेक शाळांत पुढे शांतता असते. हातात मुरलेली गोष्ट सरावाशिवाय काही महिन्यांत जाते, हे इथे बसलेल्या प्रत्येक पैलवानाला ठाऊक आहे. दांडपट्ट्याला २०२४ मध्ये महाराष्ट्राचे राज्यशस्त्र म्हणून मान मिळाला, कोल्हापुरात मर्दानी खेळ अजून नेमाने चालतात, याचा मला आनंद आहे. ते खेळ टिकले ते रोजच्या सरावामुळे.

म्हणून माझी मागणी साधी आहे आणि ती तुमच्याकडेच आहे. मुख्याध्यापकांनी एका दिवसाचे कमांडो शिबिर ठेवण्याऐवजी वर्षभर आठवड्याला एक तास द्यावा, मुलगे आणि मुली दोघांना. त्यात पडायला शिकवावे, पकड सोडवायला शिकवावे, ओरडायला, पळायला आणि झाले ते न लपवता घरी सांगायला शिकवावे. पालकांनी ते ऐकून घ्यायला शिकावे. आणि या तालमीच्या विश्वस्तांना माझी हात जोडून विनंती आहे: आठवड्यातल्या दोन संध्याकाळी हा हौदा गावातल्या मुलींसाठी ठेवा. शिकवायला मी येईन, येत्या सोमवारपासून.